वैद्यकीय अध्यापनाची जालाधारित साधने : मूल्यमापन

आंतरजालाच्या द्वारे वैद्यकशास्त्र शिकविण्यासाठी तयार केलेल्या साधनांची गुणवत्ता व परिणामकारकता ठरविण्याची पद्धती. ध्वनिचित्रित व्याख्याने, शरीररचनेची त्रिमितीय चित्रे, काल्पनिक रुग्णांवर आधारलेले निदानाभ्यास, प्रश्नसंच इत्यादींचा या साधनांत समावेश होतो.

निकष : कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘मर्लॉट’ या संग्रहात आशयाची गुणवत्ता, अध्यापनक्षमता व वापरातील सुलभता या तीन निकषांवर साधनांचे परीक्षण करण्यात येते. विद्यार्थ्यावरील परिणाम मोजण्यासाठी डॉनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या प्रमाण मानल्या जातात : समाधान, ज्ञानार्जन, आचरण आणि फलनिष्पत्ती. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय क्षमतेचे चार स्तर सांगितले : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे व प्रत्यक्ष व्यवहारात करणे.

मर्यादा : समाधान व ज्ञान यांची मोजणी प्रश्नावलीने सहज होते, त्यामुळे बहुतेक मूल्यमापन तेथेच थांबते. दुसरा दोष तुलनेचा आहे. डेव्हिड कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २०१ अध्ययनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्ञानार्जनाच्या बाबतीत, काहीही न शिकविलेल्या गटाशी तुलना केल्यास या साधनांचे परिणाममान १.०० एवढे मोठे आढळले. अन्य पद्धतींनी शिकलेल्या गटाशी तुलना करता ते केवळ ०.१२ उरले. म्हणजे साधन उत्तम ठरते की सामान्य, हे पुष्कळदा ते कशाच्या शेजारी ठेवले यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात २०१९ पासून पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षणासाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात विद्यार्थ्याला काय करता येते यावर भर आहे. पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन तातडीने जालावर न्यावे लागले. साधनांची निवड तेव्हा गुणांपेक्षा उपलब्धतेवर झाली, हे त्या परिस्थितीत अटळ होते. परंतु आणीबाणीतील सोय ही गुणवत्तेचे प्रमाण ठरत नाही.

नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून आहे. त्याच जिल्ह्यातील कुही हा शेतीप्रधान तालुका आहे. अशा भागात काम करणाऱ्या नव्या डॉक्टरच्या दृष्टीने सर्पदंशाचे उदाहरण बोधक आहे. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठणक्षमता बिघडते. ती तपासण्यासाठी शिरेतील थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात व नंतर नळी कलती करून पाहतात. रक्त गोठले नसल्यास प्रतिविष देण्यास आधार मिळतो. ‘२० मिनिटे’ हे उत्तर प्रश्नसंच तपासू शकतो. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरल्यास निष्कर्ष चुकतो, ही सूचनाही पडद्यावर देता येते; परंतु रात्री, रुग्णाचे नातेवाईक भोवती असताना, योग्य नळी निवडून वेळ पाळण्याची सवय लागली की नाही, हे पडद्यावरून कळत नाही.

आशयाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. तांबड्या विंचवाच्या दंशाने हृदयावर व फुप्फुसांवर होणाऱ्या गंभीर परिणामांवर प्राझोसीन हे औषध उपयुक्त असल्याचे महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखविले. त्यांचे लेखन १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील विंचवाची जाती व विषलक्षणे वेगळी असल्याने तेथील पाठ तेथे निर्दोष असला, तरी महाराष्ट्रात अपुरा पडतो. ‘मर्लॉट’च्या तिन्ही निकषांत स्थानिक रोगमानाशी सुसंगती हा स्वतंत्र निकष नाही, ही उणीव होय.

समीक्षण : या साधनांचे खरे गुण नाकारता येत नाहीत. पाठ पुन्हा पाहता येतो, दुर्मिळ रुग्णचित्र सर्वांना सारखे दिसते, लहान गावातील डॉक्टरलाही ज्ञान अद्ययावत ठेवता येते. तथापि मूल्यमापन मिलर यांच्या वरच्या दोन स्तरांपर्यंत न्यावयास हवे. त्यासाठी साधन वापरणाऱ्या व नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना करणे, काही महिन्यांनी कौशल्य करवून पाहणे आणि ग्रामीण सेवाकाळातील आचरणाची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. हे काम खर्चिक व संथ आहे. परंतु ते टाळल्यास सदोष साधनाची किंमत विद्यार्थ्याला नव्हे, तर रुग्णाला मोजावी लागते.