जवळजवळ बाप

चार्ली चॅप्लिनचा 'द किड' हा 1921 सालचा मूकपट. त्यावर पंडितांनी इतकं लिहून ठेवलंय, की माझ्यासारख्याने गप्प बसावं. पण पंडित लेकाचे करुणरसात डुंबतात आणि त्या खुर्चीपाशी फारसे थांबत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

ह्यातला चार्ली म्हणजे डबीत सिगारेटची थोटकं जपून ठेवणारा उनाड प्राणी. रस्त्यात तान्हं मूल सापडतं, तेव्हा त्याला माया वगैरे काही दाटून येत नाही. ते तो एका बाईच्या बाबागाडीत टाकून बघतो, एका म्हाताऱ्याच्या हातात देऊन पळतो, आणि उपाय थकल्यावर गटाराचं झाकण उचलून क्षणभर आत डोकावतो! आपण हसतो, पण जरा चपापूनच. मग चिठ्ठी सापडते आणि स्वारी पोराला घेऊन घराकडे निघते. शेजारणी विचारतात, नाव काय? हा आत जातो, बाहेर येतो आणि सांगतो, जॉन. आत जाऊन काय पाहिलं, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

आता खुर्ची. माळ्यावर झोळी टांगलेली, शेजारी कॉफीची किटली, तिच्या तोटीला रबरी बूच. झाली दुधाची बाटली! चार्ली लंगोट कापत बसलाय. झोळीला खालून हात लावतो, ओल लागते. उठतो, वेताच्या खुर्चीला मधोमध भोक पाडतो आणि खाली पिकदाणी सरकवतो. बाप झाला तो इथे. आपल्या सिनेमातला बाप एवढ्या वेळात एक अंगाई म्हणून मोकळा झाला असता. आमच्या हिच्या मते ही अक्कल पुरुषाला सुचावी, हाच चित्रपटातला सर्वांत काल्पनिक भाग.

आणि गंमत म्हणजे हा माणूस सुधारत नाही. पाच वर्षांनी पोरगं दगड मारून काचा फोडतं आणि पाठोपाठ बाप काचा बसवायला हजर! शिस्त म्हणाल तर आहे : नखं स्वच्छ हवीत, धिरडी सारखी वाटून घ्यायची. पण धिरडी करतो मुलगा, आणि बाप फाटक्या पांघरुणात लोळतो. डॉक्टर विचारतो, तू ह्याचा बाप का? हा म्हणतो, जवळजवळ. त्या 'जवळजवळ'पायी अनाथाश्रमाची मोटार दारात येते. छपरांवरून धावत चार्ली ती गाठतो, तिथे विनोद थांबतो. चॅप्लिन स्वतः सातव्या वर्षी लंडनच्या वर्कहाउसात गेलेला. 1919 साली त्याचं पहिलं मूल तिसऱ्या दिवशी गेलं. हे ठाऊक नसलं, तरी त्या पोराचे पसरलेले हात पाहवत नाहीत.

नंतरचं स्वर्गाचं स्वप्न मात्र निव्वळ ठिगळ. पंख लावलेली माणसं उडतात आणि आपण घड्याळ बघतो. 1971 साली ऐंशी ओलांडलेल्या चॅप्लिनने चित्रपटाला स्वतः संगीत दिलं, आईचे काही प्रसंग कापले. कात्री हातात होतीच, जरा इकडेही चालवायची!

पोराचं काम करणाऱ्या जॅकी कूगनला मोठेपणी कळलं, की आपली लाखो डॉलरांची कमाई आई नि सावत्र बापाने उडवली आहे. 1938 साली त्याला कोर्टात जावं लागलं. 1939 साली कॅलिफोर्नियाने बालनटांच्या पैशासाठी कायदा केला. पडद्यावर मात्र आई नामवंत कलावंत होऊन भेटते, बंगल्याचं दार उघडतं, चार्ली आत जातो आणि चित्रपट संपतो. तिथे त्याला कोणती खोली दिली, की दोन दिवसांनी गोडीगुलाबीने वाटेला लावलं, हे चॅप्लिनने सांगितलेलं नाही.