प्लेगने युरोप बदलला, पण कसा?

चौदाव्या शतकातल्या प्लेगचा विषय निघाला की वर्गातल्या फळ्यावर एक साखळी हमखास उमटते. माणसे मेली, मजूर कमी पडले, मजुरी वाढली, भूदास मोकळे झाले, सरंजामशाही ढासळली आणि मग प्रबोधन आले. दोन शब्दांमध्ये एकेक बाण काढला की तास संपतो, आणि परीक्षेत उत्तरही पाच गुणांना पुरते. आम्हांला काळजी वाटते ती या बाणांची. एकापाठोपाठ दुसरे घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना बजावतो. इतिहासाच्या तासाला मात्र तोच नियम खुंटीला टांगून ठेवतो.

या साखळीची अतिशय अभ्यासू मांडणी डेव्हिड हर्लिही या अमेरिकन इतिहासकाराच्या ‘द ब्लॅक डेथ अँड द ट्रान्सफॉर्मेशन ऑफ द वेस्ट’ या छोट्या पुस्तकात आहे. १९८५ मध्ये दिलेली ही तीन व्याख्याने. हर्लिही १९९१ मध्ये वारले. सॅम्युएल कोन यांनी ती संपादित करून १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजी सोपे आहे, पाने सव्वाशेच्या आत आहेत. शिक्षकांनी हे पुस्तक वाचावे असे आम्हांला वाटते, पण हातात पेन्सिल घेऊन.

पहिल्या व्याख्यानात हर्लिही एक अडचणीचा प्रश्न विचारतात: १३४७ मध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरलेला आणि चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे नेणारा हा रोग खरोखर प्लेगच होता का? आपल्याकडच्या जुन्या माणसांना या शंकेचे कारण लगेच कळेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मग गावोगाव पसरला. तेव्हा घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत त्याचा पक्का पुरावा मिळाला. युरोपातल्या १३४८ च्या बखरींत मात्र असे उंदीर पडल्याचे वर्णन जवळजवळ सापडत नाही. कोन यांनी तर पुढे २००२ मध्ये भारतातल्या प्लेग-अहवालांतली माहिती शेजारी ठेवून, हा रोग प्लेग नव्हताच, असा दावा केला.

त्याचा निकाल इतिहासकारांनी नव्हे, दातांनी लावला. लंडनमध्ये ईस्ट स्मिथफील्ड येथे या साथीसाठीच उघडलेले कब्रस्तान आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून मिळालेल्या डीएनएवरून २०११ मध्ये ‘यर्सिनिया पेस्टिस’ या प्लेगच्या जंतूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. म्हणजे रोग प्लेगच होता. तरी हर्लिहींचा प्रश्न वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. उंदीर पडले नसतील, तर रोग इतक्या वेगाने पसरला कसा, हा त्याचा अर्धा भाग अजून शिल्लक आहे. माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा यांचाही त्यात हात असावा, असे गणिती प्रारूपावरून २०१८ मध्ये मांडले गेले. सर्वांना ते पटलेले नाही.

पुस्तकाचा गाभा दुसऱ्या व्याख्यानात आहे. साथीपूर्वीचा युरोप हर्लिहींच्या मते कोंडीत सापडला होता. माणसे फार, जमीन तेवढीच. १३१५ ते १३१७ च्या मोठ्या दुष्काळानेही ही कोंडी फुटली नाही. ती प्लेगने फोडली. इथपर्यंत ते भक्कम पायावर उभे आहेत, कारण हा माणूस मोजणारा आहे. १४२७ च्या फ्लॉरेन्सच्या करनोंदणीत सुमारे ६०,००० कुटुंबे आहेत. क्रिस्तियान क्लापिश-झुबेर यांच्याबरोबर हर्लिहींनी ती सारी संगणकात घालून अभ्यासली होती.

पण मजूर कमी झाले की मजुरी वाढते, हा बाण वाटतो तितका सरळ नाही. इंग्लंडच्या राजाने १३४९ मध्येच हुकूम काढला, की मजुरी साथीपूर्वीच्या दरानेच द्यावी-घ्यावी आणि साठीच्या आतल्या धडधाकट निर्धन माणसाने काम नाकारू नये. १३५१ च्या कायद्याने तर कापणीचे दर ठरवून दिले: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन पेन्स, पुढे तीन. मोडणाऱ्यांवर खटले झाले. हातात पडणाऱ्या मजुरीची खरी किंमत ठळकपणे वाढली ती १३७० नंतर, धान्य स्वस्त झाल्यावर. आणि १३८१ मध्ये डोईपट्टीवरून शेतकऱ्यांचे बंड पेटले, तेव्हा त्यांची एक मागणी भूदासपद रद्द करा हीच होती. साथीला तेहतीस वर्षे लोटली होती. जे प्लेगने दिले असे आपण शिकवतो, ते लोक तेव्हाही मागतच होते.

रॉबर्ट ब्रेनर यांनी १९७६ मध्ये असाच आक्षेप घेतला होता. लोकसंख्या घटल्याने भूदास सुटत असतील, तर एल्ब नदीच्या पूर्वेला पुढच्या दोन शतकांत भूदासपद उलट घट्ट का झाले? आक्षेप मार्मिक आहे, पण उदाहरण आज थोडे डळमळीत वाटते. १९ देशांतल्या २६१ ठिकाणच्या गाळातले परागकण तपासून २०२२ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत पोलंडसारख्या भागांत शेती घटल्याची खूण दिसत नाही. कदाचित तिकडे माणसेच कमी मेली.

म्हणून इजिप्तचे उदाहरण आम्हांला अधिक कसाचे वाटते. तिथे प्लेगने इंग्लंडसारखाच कहर केला. स्टुअर्ट बोर्श यांनी २००५ च्या पुस्तकात या दोन देशांची तुलना केली आहे. इंग्लंडातले जमीनदार मजुरांसाठी एकमेकांशी स्पर्धा करू लागले. इजिप्तचे मामलुक सरदार मात्र कैरोत राहत, जमिनी त्यांच्याकडे वंशपरंपरेने नव्हत्या, आणि शेतकऱ्यांपुढे ते एकजुटीने उभे राहिले. दरवर्षी श्रमदानाने, खरे तर वेठीने, दुरुस्त होणारे नाईलचे बांध आणि कालवे माणसांअभावी गाळाने भरले. वसूल मात्र पूर्वीसारखाच हवा होता, त्यामुळे शेतकरी नागवला गेला. जंतू तोच, आणि निकाल असा उलटा. हर्लिहींच्या पुस्तकाच्या नावातच ‘वेस्ट’ आहे. त्याबाहेर पाहिले असते, तर इतका सरळ निष्कर्ष त्यांनी काढला नसता.

छपाईविषयीचे त्यांचे म्हणणे तर आम्हांला पटलेच नाही. नक्कल करणारे लेखनिक महाग झाले म्हणून छापखाना सुचला, असे ते सुचवतात. गुटेनबर्ग येतो तो १४५० च्या सुमारास, शंभर वर्षांनी. आणि चीनमध्ये बी शेंगने सुटे खिळे अकराव्या शतकातच बनवले, तेव्हा तिथे माणसांचा दुष्काळ नव्हता.

तिसरे व्याख्यान मनोव्यापारांविषयीचे आहे, आणि ते घाईत उरकल्यासारखे वाटते. मुलांना संतांची नावे ठेवण्याची वाढती चाल ते टिपतात, ते मजेदार आहे. वर्गात या व्याख्यानाला ज्यूंच्या कत्तलींची जोड द्यावी. ज्यूंनी विहिरींत विष घातले अशी आवई उठली होती. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्ये फर्मान काढून ती खोडली. ज्यूही याच रोगाने मरत आहेत आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही रोग आहे, हा त्यांचा युक्तिवाद नववीच्या विद्यार्थ्यालाही तपासता येईल असा आहे. स्ट्रासबुर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जाळले गेले. प्लेग त्या शहरात पोचला तो त्यानंतर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात.