तरुणांचें गाऱ्हाणें

आमच्या सिंधुदुर्गांत देवापुढें गाऱ्हाणें घालण्याची रीत वाचकांस परिचित आहे. गांवावरचें संकट, घरांतलें आजारपण, समुद्रावर गेलेल्यांची काळजी, सर्व कांहीं मोठ्यानें मांडलें जातें आणि जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. परंतु गाऱ्हाणें घालतो तो वडीलधारा माणूस. सोळा वर्षांच्या मुलाची पाळी त्यांत येत नाहीं. तो ‘माका टेन्शन आसा’ एवढेंच म्हणतो आणि आपण त्याला अभ्यास कर म्हणून सांगतों.

शेजारच्या गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेनें हा शब्द हंसण्यावारी नेला नाहीं, याचें आम्हांस अगत्य वाटतें. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘प्राईड’ या प्रकल्पांत शाळकरी मुलांसाठीं मानसोपचार रचतांना आधीं मुलांनाच विचारलें. त्यांतून जो उपचार तयार झाला तो अगदीं साधा आहे: अडचण नेमकी ओळखावी, तोडगे सुचवून पारखावे, एक निवडून करून पाहावा. जोडीला चित्रकथांच्या पुस्तिका. आणि उपचार करणारा डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेला सामान्य माणूस. दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतील २५० मुलामुलींवर त्याची परीक्षा झाली व तिचा वृत्तांत २०२० सालीं ‘लॅन्सेट’च्या बाल व किशोर आरोग्यविषयक नियतकालिकांत आला. निम्म्यांना तीन आठवड्यांत चार-पांच छोट्या भेटी व पुस्तिका मिळाल्या, उरलेल्यांना केवळ पुस्तिका. सहा आठवड्यांनीं पाहिलें तेव्हां, मुलांनीं स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार भेटी मिळालेल्यांत अधिक हलका झाला होता. मानसिक लक्षणांच्या ठराविक प्रश्नावलींत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

या निकालानें कित्येक नाराज होतील. आम्ही होत नाहीं. मुलाच्या शब्दांत मांडलेलें दुःख आणि विद्वानांनीं आंखलेलें दुःख या दोन वस्तू आहेत, हें यांतून उघड झालें, आणि कर्त्यांनीं तें लपविलें नाहीं.

साहित्याच्या अध्यापकास येथें आमचें दशावतार आठवतें. त्यांत कथानक ठरलेलें, क्रम ठरलेला, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगभूमीवरच उभे करितो. सामान्य समुपदेशकाचें काम असेंच असावें. पायऱ्या पुस्तकांतल्या, शब्द समोरच्या मुलाचे. ‘समस्यानिराकरण’ असा शब्द घेऊन कोणी तळाशीलच्या शाळेंत गेला, तर मूल उठून उभें राहील आणि ‘होय सर’ म्हणेल. याकरितां या पुस्तिका मराठींत आणणें म्हणजे नुसतें भाषांतर नव्हे. ज्या मालवणींत मूल रडतें ती कानीं असल्यावांचून हें काम हातीं घेऊं नये.

आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे. अडचण सोडवावी, हें सूत्र धरलें कीं सुटण्याजोगी अडचणच पुढें येते. परीक्षेची भीति, मित्राशीं भांडण, येथवर ठीक. पण बापाची होडी कर्जांत आहे, पर्ससीन जाळ्यांपुढें रापणीस मासळी लागत नाहीं, आणि मुलाला बारावीनंतर मुंबईची वाट धरावी लागणार आहे. यांतली कोणती गांठ त्यानें तीन आठवड्यांत सोडावी? अशा मुलास तोडगे विचारणें म्हणजे त्याच्यावरच दोष ठेवणें होऊं शकतें. तथापि बदलतां येणार नाहीं तें निदान कुणापाशीं बोलतां यावें, एवढ्यासाठीं तरी ती भेट हवी. आणि केवळ पुस्तिका पुरत नाहींत असें दिल्लीच्या निकालावरून दिसतें, तें याच कारणानें असावें असा आमचा तर्क आहे.

वीस वर्षांपूर्वीं कोळीवाड्यांतला एक विद्यार्थी आमच्या टेबलापाशीं येऊन असेंच कांहीं बोलूं लागला होता. आम्हीं त्याला वाचनाचें वेळापत्रक लिहून दिलें. त्यानें तें घडी करून खिशांत ठेविलें, नमस्कार केला, आणि दिवाळीनंतर तो वर्गांत आला नाहीं.