कबुलीचा कागद आणि अपराधी मन : ‘कारोलिना’ संहितेचें परीक्षण

पांचव्या चार्ल्स बादशहाच्या नांवानें ओळखली जाणारी ‘कारोलिना’ ही जर्मन फौजदारी संहिता इ. स. १५३२ मध्यें रेगेन्सबुर्ग येथील साम्राज्यसभेंत मंजूर झाली व पुढील वर्षीं माइन्त्स येथें ईव्हो शेफर यानें ती छापली. तींत २१९ कलमें आहेत. तिचा आधार बांबेर्गच्या बिशपाच्या संस्थानाची १५०७ ची संहिता असून ती योहान फोन श्वार्त्सेनबेर्ग या सरदारानें सिद्ध केली. या ग्रंथाविषयीं दोन मतें रूढ आहेत. एक पक्ष त्यांतील चक्र, अग्नि व जलसमाधि या शिक्षांकडे बोट दाखवून त्यास क्रौर्याची केवळ यादी ठरवितो. दुसरा त्यांत आधुनिक दोषतत्त्वाचा उगम पाहून संतुष्ट होतो. आमच्या मतें दोघांनींही ग्रंथ अर्धाच वाचला आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें निराधार नाहीं. कलम १४६ पाहावें. न्हावी आपल्या दुकानांत रिवाजाप्रमाणें दाढी करीत असतां कोणी त्यास धक्का दिला व वस्तऱ्यानें गिऱ्हाइकाचा गळा कापला गेला, तर न्हावी निर्दोष होय. तोच न्हावी रस्त्यावर किंवा अन्य गैरवाजवी जागीं दाढी करूं लागला आणि तसाच अपघात घडला, तर तो दोषास पात्र होतो. मात्र बुद्धिपुरस्सर वध करणाऱ्यापेक्षां त्याच्यावर अधिक दया करावी, असें सांगितलें आहे. चौदा वर्षांखालील चोरास सामान्यतः देहांत शिक्षा देऊं नये (कलम १६४), व अल्पवय किंवा अन्य वैगुण्यामुळें ज्यास समज नाहीं त्याच्याविषयीं जाणत्यांचा सल्ला घ्यावा (कलम १७९), असाही आदेश आहे. कृत्य तेंच असतां मनाच्या स्थितीवरून दोष बदलतो, हें तत्त्व येथें व्याख्येनें न सांगतां दृष्टांतानें सांगितलें आहे.

ही रीत एकट्या जर्मनांची नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीवानाच्या अकौशल्यामुळें हानि झाली तर गाडीचा धनी दंड्य ठरतो, आणि गाडीवान कुशल असल्यास तोच दंडास पात्र होतो. १८६० च्या हिंदी दंडसंहितेच्या ८० व्या कलमांत कुऱ्हाडीचें पातें निसटून जवळचा मनुष्य मरण पावल्याचें उदाहरण आहे. योग्य खबरदारी घेतली असल्यास काम करणारा निर्दोष. २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १८ व्या कलमांतही तेंच उदाहरण कायम आहे. यांपैकीं एकानें दुसऱ्याचें उसनें घेतलें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वस्तरा, गाडी व कुऱ्हाड यांपुढें न्यायाधीशास एकच प्रश्न पडला, तो असा कीं, या मनुष्यास बोल लावण्यासारखें काय आहे?

हाच प्रश्न पुढें राइनहार्ट फ्रांक यानें १९०७ मध्यें शास्त्रीय रूपांत मांडला. १८ मार्च १९५२ च्या निर्णयांत जर्मन संघीय न्यायालयानें त्यावरून असें ठरविलें कीं, आपलें कृत्य बेकायदा आहे हें ज्यास टाळतां न येण्याजोग्या भ्रमामुळें कळलें नाहीं, त्यास अपराधी म्हणतां येत नाहीं. १९७५ पासून हा नियम जर्मन दंडसंहितेच्या १७ व्या कलमांत आहे. आपल्याकडील कायदा वस्तुस्थितीविषयींच्या भ्रमास क्षमा करतो, कायद्याच्या अज्ञानास करीत नाहीं.

आतां उरलेला अर्धा भाग. मनाचा दोष पाहावयाचा, तर मन वाचावें कसें ? शिक्षेस स्वतःची कबुली किंवा साक्षीपुरावा पाहिजे, नुसत्या संशयचिन्हांवर शिक्षा देऊं नये, असें कलम २२ सांगतें. हा निर्बंध स्तुत्य खरा. पण त्याच निर्बंधानें न्यायाधीशास यातनागृहाची वाट दाखविली. पुरेशीं चिन्हें नसतां यातना देऊं नयेत (कलम २०), व कबुलींतील तपशिलाची जागेवर चौकशी करावी (कलम ५४), अशीं बंधनें घातलीं आहेत. यांहून विचार करण्याजोगें कलम ५८ होय. यातना चालू असतांना जें बोललें जाईल तें लिहून घेऊं नये. यातना थांबविल्यावर जें सांगितलें जाईल तेंच लिहावें. हेतु चांगला असेल, परंतु परिणाम असा कीं दप्तरांत शांतपणें दिलेला जबाब तेवढा उरतो. लेखनिकानें नियम पाळला म्हणूनच जबाबाच्या मजकुरांतून वेदना वगळली गेली.

म्हणून श्वार्त्सेनबेर्गास नुसतें क्रूर म्हणणें अन्यायाचें, व नुसतें प्रागतिक म्हणणें भोळेपणाचें. त्यानें अपराध मनांत शोधला आणि त्या मनाकडे जाणारा मार्ग शरीरांतून काढला. प्रशियांत १७४० पासून यातना बहुतांशीं बंद झाल्या, बव्हेरियांत १८०६ मध्यें. तोंपर्यंतच्या कबुलीजबाबांवर हा डाग आहे.

जुन्या जबान्या व कतबे ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं हें ध्यानांत धरावें. कबुलीचा कागद अस्सल असणें ही एक गोष्ट, कबुली खरी असणें ही दुसरी. अक्षर, कागद व शिक्का यांवरून पहिलीची परीक्षा होते. दुसरीसाठीं तो जबाब कोणत्या नियमानें, कोणासमोर आणि कशानंतर लिहिला गेला, हें विचारावें लागतें. तें न विचारतां मृत मनुष्यास आपण अपराधी म्हटलें, तर कलम १४६ च्याच न्यायानें बोल आपल्यावर येतो.