सल्ला, संमती आणि कारणे

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, "न्यायाधीश नेमताना आपण निवडून दिलेल्या सभागृहाला कुणी का विचारत नाही?" आज त्याच प्रश्नाकडे वळू.

२४ मे १९४९. संविधान सभेपुढे तीन सूचना होत्या : सरन्यायाधीशांची संमती घ्यावी, संसदेने दोन तृतीयांश मतांनी नेमणूक कायम करावी, किंवा वरिष्ठ सभागृहाचा सल्ला घ्यावा. बाबासाहेबांनी तिन्ही नाकारल्या. अमेरिकेच्या सिनेटसारखी पद्धत किचकट, शिवाय तीत राजकीय दबाव शिरतो. आणि सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच. म्हणून मधला मार्ग : नेमावे सरकारने, पण जाणकारांना विचारून. त्या सभेत आपल्या धाराशिवचा कुणी नव्हता बरं का! आपण तेव्हा हैदराबाद राज्यात, आणि हैदराबादच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या.

आता आमचा आक्षेप. विचारले पण ऐकलेच नाही, तर काय? याचे उत्तर त्या भाषणात नाही. ही फट १९७३ मध्ये दिसली. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. १९९३ मध्ये न्यायालयाने 'सल्ला' हा शब्द 'संमती'पाशी नेऊन ठेवला. म्हणजे नाकारलेली पहिली सूचनाच मागच्या दाराने आली. एका माणसाऐवजी ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ, एवढाच फरक. २०१४ च्या नियुक्ती आयोगातही सभागृहाला मत नव्हतेच, आणि २०१५ मध्ये तो आयोगही ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला.

मग संसद न्यायाधीशाला काढू शकते, पण नेमताना तिला शब्द नाही, ही विसंगती नव्हे काय? आम्हाला तसे वाटत नाही. काढताना समोर घडलेले वर्तन असते, ते तपासता येते. नेमताना असतो नुसता अंदाज, की हा उद्या कसा निकाल देईल. अंदाजावर मतदान घेतले की ते पक्षाचेच होणार. तेवढ्यापुरता बाबासाहेबांचा नकार आजही पटतो.

पण मत नको म्हणजे कारणेही नकोत, असे होत नाही. आपल्या जमिनीचा दावा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातो. तिथला न्यायमूर्ती का निवडला, हे लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवावे. मतदान न घेता. निकालाला कारणे देणे ज्यांचा धर्म, त्यांच्या निवडीलाही कारणे असावीत, एवढेच आमचे मागणे.