इच्छा आली कुठून?

खुशीने दिलेलं दान परत मागता येतं का? आपण चटकन म्हणू, दिलं ते दिलं. इंग्लंडच्या इक्विटी न्यायालयांनी मात्र इथे थांबून विचार केला.

१८०७चा ह्यूगनिन विरुद्ध बेझली हा खटला घ्या. एका विधवेने आपल्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या पाद्र्याच्या लाभाचा दस्त करून दिला. लॉर्ड एल्डन यांनी तो रद्द केला. बाईंना आपण काय करतोय ते कळत होतं की नाही, हा त्यांचा मुद्दाच नव्हता. ती इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न कशी झाली, हे त्यांनी विचारलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न फार मोलाचा वाटावा. होकार खरा असूनही तो आपला नसू शकतो, हे त्यात गृहीत आहे.

आता १८८७चा ॲलकार्ड विरुद्ध स्किनर. मेरी ॲलकार्ड एका भगिनीसंघात गेल्या आणि सुमारे ७,००० पौंड प्रमुख भगिनी मिस स्किनर यांच्या हवाली केले. वैयक्तिक दडपण कोणी आणलं नव्हतं, पैसाही धर्मादायातच गेला. पण संघाचा नियम असा, की प्रमुखांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुणाचा सल्ला घ्यायचा नाही. न्यायालयाने नेमकं इथे बोट ठेवलं. कोणाला दुष्ट न ठरवता नात्यातलं बळ ओळखलं. ही या निकालाची थोरवी.

तरीही बाई हरल्या. १८७९मध्ये त्या संघातून बाहेर पडल्या, दावा लावला १८८५मध्ये. लिंडली आणि बोवेन म्हणाले, स्वतंत्र सल्ला हाताशी असताना इतकी वर्षं गप्प राहिलात, म्हणजे दान मान्यच केलंत. कॉटन यांचं मत वेगळं पडलं. शिल्लक उरलेलं तरी परत द्यावं, असं ते म्हणाले.

आम्हांला कॉटन जवळचे वाटतात. विलंबाचा नियम निरर्थक आहे, असं आमचं म्हणणं नाही. खर्च होऊन गेलेला पैसा वर्षांनंतर मागणं अन्यायाचंच. पण शिल्लक रक्कम तर तशीच होती. आणि बघा, देण्याची इच्छा कुठून आली हे विचारणाऱ्या न्यायालयाने, न मागण्याची इच्छा कुठून आली, हे तेवढ्याच बारकाईने विचारायला नको होतं का? आज्ञापालनाची सवय दार ओलांडताक्षणी सुटते थोडीच! एल्डन यांचा प्रश्न त्या मौनालाही लावायला हवा होता.