ठिणगी की ठिपका?

वाशी तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. आतषबाजीची छायाचित्रे मात्र हल्ली फार गुळगुळीत दिसतात: आकाश काळेभोर, धूर मेणासारखा. आक्षेप या गुळगुळीतपणाला आहे.

अंधारात आयएसओ वाढवला की तुटपुंज्या प्रकाशातले चढउतारही ठळक होतात, हाच नॉईज. फोटोशॉपमधला मीडियन फिल्टर प्रत्येक बिंदूला आसपासच्या बिंदूंमधले मधले मूल्य देतो. त्यामुळे एकटा ठिपका पुसला जातो. पण भुईनळ्याची दूर उडालेली ठिणगीही एकटा ठिपकाच असते! 16 फ्रेमची सरासरी घेतली तर नॉईज चौथाईवर येतो. मात्र पुढच्या फ्रेममध्ये ठिणगी जागेवर नसते, तीही विरते.

म्हणून उपाय आधी कॅमेऱ्यात हवा: ट्रायपॉड, आयएसओ 100, दोन-चार सेकंदांचे एक्स्पोजर. ठिणगी मग रेघ होऊन उमटते. उरलेल्या नॉईजपैकी रंगीत ठिपके निःशंक काढावेत. बारीक तपशील मुख्यतः उजेडाच्या फरकात असतो, रंगात नव्हे. उजेडाचा रवाळपणा थोडा राहू द्यावा. दारू भरणाऱ्या हातांचे कसब त्या ठिणग्यांच्या पसरण्यातच दिसते. ते पुसून मिळालेल्या स्वच्छतेला छायाचित्र म्हणावे का?